प्रिश्चित्सा मूळची आमचीच

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांना अभिमान फार होता. कशाचा, ते मात्र अजून ठरायचं होतं.

त्या जंगलात चंद्री नावाची एक रानम्हैस राहत होती. एके दिवशी तिच्या रेडकाच्या तोंडात फोड आले. लाळ गळू लागली, खुरं चिघळली. बिचारं दूध ओढेना, पाय टेकेना. चंद्रीने त्याला कसंबसं ढकलत तळ्यावर आणलं.

थंडीसाठी पोलंडहून आलेला एक करकोचा तळ्याकाठी उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे याला प्रिश्चित्सा म्हणतात. प्रिश्च म्हणजे पुळी, त्यावरून. बाई, पोराला घेऊन सगळ्यांपासून लांब राहा. पसरतं हे."

चंद्री निघालीच होती. तेवढ्यात कोल्हेशास्त्री आडवे आले. त्यांच्या कानावर शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पडलं होतं.

"पुळीवरून? छे!" शास्त्री कडाडले. "हा शब्द आपलाच. आपल्याच एका पूर्वजाने तो तिकडे नेला."

"पुरावा?" करकोच्याने विचारलं.

"पुरावा मागणारे तुम्ही कोण? पाहुणे ना?"

जंगल आनंदाने वेडं झालं. लगेच समिती बसली आणि वाघोबा अध्यक्ष झाले. शब्द घरी परत आणल्याबद्दल रेडकाचा जाहीर सत्कार करायचं ठरलं.

"अहो, त्याला उभं राहवत नाही," चंद्री रडकुंडीला आली. "आम्हाला जाऊ द्या हो!"

"चंद्राबाई, खाजगी दुखणी सभेत आणू नयेत," शास्त्री म्हणाले.

सत्कार दणक्यात झाला. चितळांनी रेडकाला ओवाळलं. सांबरांनी हार घातले. रानडुकरांनी तर त्याचे मुके घेतले. शास्त्री व्युत्पत्तीवर तीन तास बोलले.

आठवड्याभरात चितळं लंगडू लागली. मग सांबरं. मग डुकरं. जंगलभर लाळ गळत होती, आणि जो तो अभिमानाने सांगत होता, "आपलीच आहे हो ही!"

अध्यक्षांना आता शिकारीसाठी धावावं लागेना. चालत जायचं आणि निवडायचं. सगळ्यांत हळू चंद्रीचं रेडकू चालत होतं, म्हणून त्यांनी सुरुवात तिथूनच केली. चंद्री शिंगं रोखून आडवी गेली, पण एव्हाना तिचीही खुरं चिघळली होती.

तात्पर्य, सगळ्यांनी मोठ्याने म्हणा: शब्दाचं मूळ नेहमी आपल्याच जंगलात सापडावं. त्याने समाज ताठ मानेने जगतो. किती दिवस, ते अध्यक्ष ठरवतात.