मागच्या बाकावर जागा आहे

नाताळच्या आमंत्रणपत्रिकेवर मी गणपती छापला. मुद्दाम नाही. मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर मी दोनच गोष्टी शिकलो होतो: पत्ते खेळणं आणि पुतणीच्या लग्नाची पत्रिका बनवणं. शेजारच्या साळव्यांनी त्यांच्या चर्चसाठी पत्रिका करून मागितली, तेव्हा मी ती लग्नाचीच पत्रिका उघडली, वधूवर काढले, तिथे प्रभू येशूचा जन्मोत्सव घातला आणि पन्नास प्रती छापून रुबाबात त्यांच्या हातात दिल्या. वरचा गणपती वरच राहिला. खालचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' हेही खाली राहिलं.

साळव्यांनी खिशातून भिंग काढलं. पत्रिका खिडकीपाशी नेली. भिंग गणपतीवर बराच वेळ थांबलं, मग सावकाश खाली उतरत ताईपर्यंत गेलं. मी घामाघूम.

"खैरनार," ते म्हणाले, "बाप्पा दीड मिलिमीटर डावीकडे सरकलेत. चलनात जाणार नाही."

मग भिंग पुसत त्यांनी विचारलं, "आणि ही ताई कोण?"

शांतवन साळवे नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य कोऱ्या नोटांचे कागद तपासण्यात गेलेलं. कुठे शाई फुटली, कुठे रेघ सरकली, की कागद बाजूला. निवृत्तीनंतर नोटा सुटल्या, नजर काही सुटली नाही. दुधाची पिशवी, एसटीचं तिकीट, कॅलेंडर, सगळं त्या भिंगाखालून जायचं. आमच्या वास्तुशांतीला आले, तर जेवणाआधी दारावरच्या पाटीकडे पाहून "हं" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याची पाणसळ घेऊन हजर! पाटी खरंच वाकडी होती. मीच ठोकली होती.

अशा माणसाला त्यांच्या मंडळीने प्रसिद्धी समितीचं अध्यक्ष केलं. समितीत ते एकटेच होते. साळवे चर्चला देऊळच म्हणायचे. "आपल्या देवळाची अडचण काय आहे, खैरनार? आत सगळं चांगलं आहे, पण बाहेरून कळत नाही."

हे खरं होतं. लहानसं, पिवळ्या रंगाचं ते चर्च गल्लीच्या आत होतं आणि नवखा माणूस त्याला बालवाडी समजायचा. गल्लीच्या तोंडाशी एक बाण होता, पण तो खांबासकट फिरून पिठाच्या गिरणीकडे वळला होता. गिरणीवाल्याला उपासनेच्या वेळा तोंडपाठ झाल्या होत्या. दळण टाकता टाकता तो सांगायचा, "नऊला सुरू होतं, मागं फिरा, डावीकडं."

त्याच सुमारास गावात फ्लेक्सचं पीक आलं होतं. कुठल्या ना कुठल्या भाऊंचा वाढदिवस प्रत्येक चौकात लटकलेला. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, तरुण, हौशी माणूस. त्यांनीही नाताळसाठी एका फ्लेक्सचा नमुना करून आणला. बैठकीला मला तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावलं होतं. गणपतीनंतरही बोलावलं, हा त्या मंडळींचा मोठेपणा.

नमुन्यात पाळकसाहेब मधोमध हात जोडून उभे होते. खाली शुभेच्छुक म्हणून चर्चच्या पंचकमिटीचे अकरा चेहरे. वर कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा, बाळ येशू.

साळव्यांनी भिंग काढलं, कोपऱ्यावर धरलं आणि म्हणाले, "ज्याचा वाढदिवस, त्याचाच फोटो सगळ्यांत लहान. चलनात जाणार नाही."

पाळकसाहेब लाजून हसले. बाकीचे अकरा मात्र हसले नाहीत.

मग साळव्यांनी आपला कागद पुढे केला. पांढरा पत्र्याचा बोर्ड, निळी अक्षरं, चित्र एकही नाही. वर चर्चचं नाव आणि रविवारची वेळ. त्याखाली, 'कोणीही यावे. चपलांची अडचण नाही.' आणि शेवटी, 'उशीर झाला तरी चालेल. मागच्या बाकावर जागा आहे.'

"शेवटची ओळ काढा," एक सदस्य ताडकन म्हणाले. "मंडळी आधीच साडेनऊला उगवते. आता बोर्डच लावून परवानगी द्यायची का?"

"शिवाय मागच्या बाकावर जागा असते कुठे?" दुसरे म्हणाले. "सगळ्यांना मागेच बसायचं असतं!"

साळवे नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. हळूच म्हणाले, "ती ओळ काढायची असेल तर बोर्डच नको."

शेवटी पाळकसाहेबांनीच तोड काढली. नाताळपर्यंत साळव्यांचा बोर्ड ठेवून पाहू. तो वाचून एक जरी नवा माणूस आत आला, तर बोर्ड कायम. नाहीतर नव्या वर्षात फ्लेक्स.

बोर्ड रंगवताना मी सोबत होतो. पेंटर तिसऱ्यांदा तीच ओळ पुसत वैतागला. "काका, हा बोर्ड आहे का आजीचं पत्र? दुकानाच्या पाटीवर येवढं कोण लिहितं? लय बारीक बघता राव तुम्ही."

तो चहाला गेला, तेव्हा मी विचारलं, "साळवेसाहेब, त्या उशिराच्या ओळीचं एवढं काय?"

त्यांनी पेंटरचा ब्रश डब्यावर सरळ करून ठेवला. "एकोणीस वर्षांचा होतो. चांदवडहून नुकताच नोकरीला आलो होतो, गावात ओळखीचं कोणी नाही. नाताळच्या सकाळी हे देऊळ शोधत फिरलो. सापडलं तेव्हा आत गाणं सुरू झालेलं, दार लोटलेलं. माझी चप्पल तुटकी. म्हटलं, आता आत गेलो तर सगळे वळून बघणार. भिंतीला टेकून बाहेरच उभा राहिलो. गाणी सगळी पाठ होती, पण बाहेर उभं राहून म्हणायची कशी? मग स्टेशनवर गेलो. आईनं करंज्या दिल्या होत्या. बाकावर बसून खाल्ल्या." मग ते म्हणाले, "लय गोड होत्या. संपेचनात."

पेंटर परत आला आणि साळवे लगेच म्हणाले, "ही रेघ खाली उतरलीये. चलनात जाणार नाही."

बोर्ड लागला. तीन रविवार गेले. नवा माणूस एकही आला नाही. एक बाई आल्या, त्या बालवाडीच्या प्रवेशाची चौकशी करून गेल्या. साळवे भिंग काढेनासे झाले, तेव्हा आमच्या हिलाही काळजी वाटायला लागली.

नाताळला आम्हाला बोलावणं होतं. पत्रिकेत नऊ लिहिलं होतं, मीच छापलं होतं. तरी आधी मला मोजे सापडेनात, मग स्कूटर सुरू होईना, आणि आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. लग्न झाल्यापासून माझ्या उशिरावर मंगल जे बोलत आलीये, ते सगळं तिने वाटेत पुन्हा म्हटलं. दार लोटलेलं. आत गाणं चाललेलं.

"आता कसं जायचं?" ती पदर सावरत म्हणाली. "सगळे वळून बघतील. चला घरी. साळवेभाऊजींना संध्याकाळी भेटू."

आम्ही वळलोच होतो. वळताना तिला बोर्ड दिसला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. मग माझा हात धरला आणि दार ढकललं.

चर्च खच्चून भरलं होतं. भिंतींना टेकून माणसं उभी होती. फक्त शेवटच्या बाकावर, कडेला बसलेल्या साळव्यांच्या शेजारी, दोन माणसांपुरती जागा रिकामी होती. तिथे एक पांढरा रुमाल पसरलेला. रुमालाची कड बाकाच्या कडेला अगदी समांतर.

साळव्यांनी आमच्याकडे पाहिलं. रुमाल उचलला, चार घड्या घातल्या, चारही घड्या वाकड्या पडल्या, आणि तसाच खिशात कोंबला. मग ते गाऊ लागले. पुढे गायनमंडळात उभ्या असलेल्या साळव्यांच्या पत्नीचं, सुमनवहिनींचं, लक्ष आमच्याकडे गेलं आणि त्यांची एक ओळ गळाली.

उपासनेनंतर करंज्या वाटताना त्या मंगलला म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. दर शनिवारी मी त्या रुमालाला इस्त्री करते. आपल्या माणसांनी मागितली तरी ती जागा देत नाहीत. म्हणतात, कोणी उशिरा आलं तर? कोणी म्हणजे कोणी आलं नाही हो आजवर."

दाराशी पाळकसाहेब हात मिळवत उभे होते. मला म्हणाले, "काय खैरनार, बोर्ड वाचून आलात का?" मी प्रामाणिकपणे पत्रिकेचं सांगणार, तेवढ्यात मंगलने मला चिमटा काढला. "बोर्ड वाचूनच आलो," ती म्हणाली. "नाहीतर परत चाललो होतो."

मागे साळवे उभे होते. त्यांनी मान खाली घालून भिंग पुसायला घेतलं. बराच वेळ पुसत होते.

बाहेर येऊन मी स्कूटरला किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. मंगल मागे बसली. गिरणीपाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"पुढच्या नाताळलाही असाच उशीर करा हं."