सामाईक रक्त

खराटे कुटुंबाच्या रक्ताची वाटणी अजून झालेली नव्हती. त्यामुळे सुगंधाच्या बोटाला सुई टोचली, की रक्त तिच्या थोरल्या दिरांच्या, उत्तमरावांच्या बोटातून यायचं.

उपकेंद्रातल्या मालन सिस्टरना यात नवल वाटलं नाही. अशी घरं गावात आणखीही होती. पण सुगंधाला आठवा महिना लागला होता, उठता-बसता चक्कर येत होती, आणि तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन कळल्याशिवाय बाळंतपण कुठे करायचं हे ठरत नव्हतं. म्हणून सिस्टरनी उत्तमरावांना आणि सासूबाईंनाही बोलावून घेतलं.

सिस्टरनी सुगंधाचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि कडेला टोचलं. बोट कोरडंच राहिलं. बाकावरच्या उत्तमरावांनी मात्र "आई गं!" म्हणून हात झटकला. त्यांच्या बोटावर टपोरा थेंब उभा होता.

"घ्या की हाच," ते म्हणाले. "घरात रक्त एकच आहे."

"एकच आहे, पण राहतंय तुमच्याकडे. वाटणी करावी लागेल."

"आमच्यात तो शब्द निघत नाही, सिस्टर. एकत्र आहोत म्हणून गावात वजन आहे."

"वजन तुमचंच वाढलंय, भावजी," सुगंधा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलत होती. "मला माझा हिस्सा हवा. बाळाचा वेगळा."

उत्तमरावांनी आईकडे पाहिलं. "आई, सांग हिला काहीतरी."

सासूबाई सुगंधाच्या कोरड्या बोटाकडे बघत होत्या.

"बाळंतपणात रक्त जाईल," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तेही मग तुमचंच जाणार. चालेल?"

उत्तमरावांनी बोटावरचा थेंब पुसला. "दिलं," ते म्हणाले.

सुगंधाचे कान गरम झाले. सिस्टरनी दुसरं बोट टोचलं. थेंब आला. रीतीप्रमाणे तो पुसून त्यांनी पुढचा पट्टीवर घेतला. मशीनवर हिमोग्लोबिन साडेअकरा आलं.

"बाळंतपण इथेच करू," सिस्टर म्हणाल्या.

उत्तमराव पांढरे पडले होते. त्यांनी पाणी मागितलं. सिस्टरनी त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणात शेवग्याचा पाला घ्यायला सांगितलं.

सुगंधा खुर्चीवरून उठली, तशा सासूबाई तिच्या जागी येऊन बसल्या. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला.

"आता माझा हिस्सा काढा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी नवी सुई उघडली.