दुसरा ब्रेक

ब्रेकबाईंचं मॉडेल ऐन परीक्षेच्या दिवशी रुसलं. टेबलावर दोन प्लास्टिकच्या बादल्या, मधे रबरी नळी आणि मुठीएवढा पंप असा सगळा संसार त्यांनी मांडला होता. फोनवरचं बटण दाबलं की खालच्या बादलीतलं पाणी वरच्या बादलीत जायला हवं. बाईंनी बटण दाबलं, फोनवर 'पंप चालू' अशी हिरवी अक्षरं उमटली, मागच्या मोठ्या पडद्यावरही उमटली, आणि बादलीतलं पाणी होतं तिथेच निवांत बसून राहिलं.

"हं," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. या माणसाला 'हं'शिवाय दुसरं काही येत असेल असं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाटत नव्हतं.

"मॅडम, पुन्हा एकदा बघा ना," मार्गदर्शक सर हळूच म्हणाले. हे सर बाईंच्याच हाताखाली गाडी शिकलेले. त्यामुळे वर्गात ते बाईंचे गुरू असले तरी बाईंना 'मॅडम' म्हणायचे, आणि बाई त्यांना 'सर' म्हणायच्या. गाडी मागे घेताना सरांची अजूनही गाळण उडते हे दोघांनाही ठाऊक होतं, पण तो विषय दोघंही काढत नसत.

बाईंनी बटण दाबलं. पंप बंद. पुन्हा दाबलं. पंप चालू. पडद्यावर अक्षरं हिरवीगार, टेबलावर पाणी ढिम्म. बाईंचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

दाबला जाणारच. वीस-एक वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्यावर इतका मुरला होता की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या तरी समोर वळण दिसलं की त्या खाडकन पाय दाबायच्या. 'ब्रेकबाई' हे नाव तेव्हाच पडलं. मग गुडघ्याने दगा दिला, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसल्या. आधीचा धंदा सोडून आलेल्यांसाठीच हा वर्ग होता. एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाला, एक निवृत्त बँकवाल्या, अशी सगळी अठरापगड मंडळी तिथे जमली होती. "या वयात पाटी-दप्तर कशाला, वहिनी?" असं नणंदेने विचारलं, तेव्हा बाई हसल्या होत्या. पण शिकवायची गाडी विकून टाकल्यावर मात्र त्यांना हसू येईना. परतीचा रस्ताच उरला नव्हता.

आणि गेल्या वेळी त्या याच प्रकल्पात नापास झाल्या होत्या. याच परीक्षकांनी विचारलं होतं, "समजा, समोरचं यंत्र आज्ञा पाळेनासं झालं, तर तुमचा प्रोग्राम काय करेल?" बाईंना उत्तर देता आलं नव्हतं. आज शेवटची संधी होती. पास झाल्या तर सोमवारपासून एका कंपनीत नोकरी, नाहीतर गुडघ्याला तेल चोळत घरी.

बाईंनी पाचव्यांदा बटण दाबलं, तेवढ्यात पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या जागी एक नाव झळकलं. 'सेक्रेटरी काका'. फोन वाजत होता. तो वर्गाच्या स्पीकरला जोडलेला असल्यामुळे सगळा वर्ग वाजत होता.

बाईंनी घाईघाईने फोन तोडला. तो पुन्हा वाजला. पुन्हा तोडला. मग नवऱ्याचा आला. तोही तोडला. मग पुन्हा सेक्रेटरी काका.

"घ्या तो," परीक्षक म्हणाले. "कुणाची तरी निकड दिसते."

बाईंनी फोन घेतला, आणि सेक्रेटरी काकांचा आवाज भिंतींवर आदळला. "अहो बाई! तुमचं ते डबडं बंद करा आधी! टाकी भरून वाहतेय! गच्चीवरून धबधबा लागलाय नुसता!"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ अंधार झाला.

झालं होतं ते असं. गेल्या खेपेच्या त्या प्रश्नाने बाईंची झोप उडवली होती. यंत्राने ऐकलं नाही तर काय? शिकाऊ माणसाने ब्रेक दाबला नाही तर शिक्षकाने दाबायचा, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. तेव्हा त्यांनी प्रोग्राममध्येही दुसरा ब्रेक बसवला. पहिल्या पंपाने उत्तर दिलं नाही, तर आज्ञा आपोआप दुसऱ्या पंपाकडे जावी. पण घरात दुसरा पंप कुठला आणायचा? म्हणून सेक्रेटरी काकांच्या हातापाया पडून त्यांनी इमारतीच्या पाण्याच्या पंपाला जुना खटका काढून, फोनवरून पंप चालू-बंद करणारी आपली डबी बसवली होती. "प्रयोग झाला की लगेच काढते, काका." प्रयोग झाला, आणि काढायचं आज-उद्यावर राहिलं. आज वर्गातल्या पंपाने मौन धरलं, आणि प्रोग्रामने इमानेइतबारे घरचा पंप सुरू केला. सकाळीच काठोकाठ भरलेल्या टाकीवर.

"काका, मेन स्विच बंद करा ना!" बाई कळवळून म्हणाल्या.

"मेन बंद केला तर लिफ्ट बंद पडेल! लिफ्टमध्ये तुमच्या काकू आहेत! त्यांना मधे लटकवून मी संध्याकाळी घरात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"बरं, मग निदान—"

"आणि पाणी पडतंय कशावर माहितेय? माझ्या गाडीवर! आजच आतून-बाहेरून धुतली, सीटा वाळाव्यात म्हणून चारही काचा खाली ठेवल्या होत्या! हौद झालाय गाडीचा!"

बाईंनी झटकन बटण दाबलं. पडद्यावर 'पंप बंद'.

"बंद झाला," काका म्हणाले. "झाला बाबा एकदाचा."

संपलं सगळं, बाईंना वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि या पाण्याला तर बटणही नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"नमस्कार," ते स्पीकरकडे तोंड करून म्हणाले. "आपण कोण बोलताय?"

"मी इमारतीचा सेक्रेटरी! तुम्ही कोण?"

"मी परीक्षक. बाईंची परीक्षा चालू आहे. आपण पंपापाशीच उभे आहात?"

"समोरच! नखशिखांत भिजलोय!"

"उत्तम. बाई, चालू करा."

"सर?" बाईंना कानांवर विश्वास बसेना.

"चालू करा."

बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं.

"अरे देवा! परत चालू झाला!" काका किंचाळले.

"आज्ञा दिल्यापासून किती वेळात झाला, असं आपल्याला वाटतं?"

"माझं तोंड मिटायच्या आत!"

"वा! फार नेमकं निरीक्षण आहे आपलं."

पलीकडे काकांनी घसा खाकरला. उभ्या आयुष्यात त्यांच्या निरीक्षणाला कुणी नेमकं म्हटलं नव्हतं. काकूंनी तर नाहीच.

"बाई, बंद करा," परीक्षक म्हणाले.

"बंद झाला," काका म्हणाले. आवाज खाली आला होता, आणि त्यात एक सरकारी भारदस्तपणा आला होता. "पंप पूर्णपणे बंद. ओघळ तेवढे चालू आहेत. नोंद घ्यावी."

"आणखी एकदा बघू या का? आपल्याला त्रास नसेल तर."

"छे, छे! त्रास कसला? गाडी काय, भिजायची ती भिजलीच आहे. होऊन जाऊ द्या!"

मग आणखी दोनदा होऊन गेलं. काका दर वेळी खणखणीत अहवाल देत होते. मधेच लिफ्टचं दार उघडल्याचा आणि "अहो, हे काय चाललंय तुमचं?" असा काकूंचा आवाज आला. "गप्प बस, परीक्षा चालू आहे!" असं काका म्हणाले, आणि वर्गातले दातांचे डॉक्टर तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले.

फोन ठेवल्यावर परीक्षक बाईंकडे वळले. "गेल्या वेळी मी एक प्रश्न विचारला होता."

"हो, सर." बाईंनी पदर सावरला, आणि आवाजही. "गाडी शिकवताना मी शिकाऊ माणसावर कधी भरवसा टाकला नाही. यंत्रावर का टाकू? म्हणून दुसरा ब्रेक ठेवला. फक्त तो कुठे जोडलाय हे विसरले. ती चूक माझी."

"चूक आहेच," परीक्षक म्हणाले. "ती डबी आजच्या आज काढा. पण यंत्र बंद पडल्यावर काय होतं, हे इतकी वर्षं मुलं मला फळ्यावर चित्र काढून दाखवतात. धबधबा तुम्हीच पहिल्यांदा दाखवलात." आणि हा माणूस चक्क हसला. "पास. पहिल्या वर्गात."

बाईंना मार्गदर्शक सरांना मिठीच मारावीशी वाटली, पण सरच आधी उडी मारून टेबलावर आपटले आणि वरची बादली लवंडली. वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. बेकरीवाल्याने शिट्टी मारली. बाई हसत होत्या, रडत होत्या, आणि दोन्हीची त्यांना जराही लाज वाटत नव्हती.

घराच्या वाटेवर मात्र त्यांनी माफीचं भाषण मनात तीनदा घोटलं. गाडीच्या सीटा आपण बदलून देऊ, डबी आत्ता काढते, पुन्हा असं होणार नाही. फाटकातून आत शिरल्या तर अख्खी इमारत खाली जमलेली. मधोमध सेक्रेटरी काका, केसांतून पाणी निथळतंय आणि मान मात्र ताठ. बाजूला बाईंचा नवरा फडकं घेऊन गाडी पुसत होता.

"काका, मला माफ—"

"ते राहू द्या. निकाल सांगा आधी!"

"पास झाले, काका. पहिल्या वर्गात."

काका गर्रकन जमावाकडे वळले. दोन्ही हात वर करून त्यांनी गर्जना केली, "ऐकलं का? आम्ही पास झालो! पहिल्या वर्गात!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काकांचा हात हातात घेऊन दाबला, आणि काकांनी तो विनयाने दाबू दिला. काकूही चक्क कौतुकाने बघत होत्या. बाईंच्या ओठांवर आलेलं 'अहो, पण' त्यांनी गिळून टाकलं. आनंद एवढा होता की त्यातला अर्धा काकांनी नेला तरी घर भरून उरला असता.

गर्दी पांगल्यावर काका हळूच जवळ आले. "आता पुढची परीक्षा कधी?"

"परीक्षा संपल्या, काका. सोमवारपासून नोकरी."

काका हिरमुसले. पायाशी साचलेलं पाणी त्यांनी चपलेने बाजूला सारलं.

"बघा बुवा," ते म्हणाले. "परत एखादी द्यावीशी वाटली तर लवकर ठरवा. गाडी अजून ओलीच आहे."