कोळंबीचे लोखंड आणि साहेबांचे भांडार

सुटे लोखंड अंगाला बरे नव्हे. खोटे वाटत असेल तर, मुलांनो, घटकाभर समजा की तुम्ही समुद्रातली एक कोळंबी आहात. खाण्यातून अंगात लोखंड येते. ते हवेच असते, पण मोकाट सुटले की पेशींची नासधूस करते. म्हणून निसर्गाने फेरिटिन नावाचे प्रथिन ठेवले आहे. चोवीस तुकड्यांचा पोकळ चेंडू, त्याला बारीक दारे. तो लोखंडाचे अणू आत साठवून ठेवतो आणि लागेल तसे परत देतो. (दारात आलेला दुसरा धातूही कधीकधी पकडून ठेवतो.)

सागरी प्राणी संशोधन केंद्रातली मावशी हेच आपल्या आठ वर्षांच्या भाचीला टाकीपाशी उभी राहून सांगत होती. मागे संचालक उभे होते. त्यांना शिकण्याची दांडगी हौस. वाक्य संपेपर्यंत थांबायला तेवढी सवड नसे. ‘साठवून ठेवतो’ ऐकून ते भारावून निघून गेले.

दुपारपर्यंत केंद्रातले सारे सुटे लोखंड भांडारात जमा झाले: पाने, पकडी, हातोडे, टाचण्या. मागोमाग इतर धातू. (त्यात हिशेबनीस बाईंचा चष्मा, काड्यांमुळे.) मोहीम अठ्ठ्याण्णव टक्के यशस्वी झाली, उरलेले दोन टक्के म्हणजे भांडाराच्या दाराच्या बिजागऱ्या. मग दाबताच बंद होणारे कुलूप दाराला लागले. त्याची किल्लीही लोखंडी, म्हणून संचालकांनी आदर्श घालून देण्यासाठी ती स्वतः सर्वांत आधी आत ठेवली होती.

तासाभराने टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला. मावशीने तीन वर्षे वाढवलेल्या कोळंब्या धापा टाकत वर येऊ लागल्या.

“साहेब, पाना हवाय.”

“पाना अगदी सुरक्षित आहे, बाई.”

“पाना आहे हो. कोळंब्या नाहीत. दार फोडू या.”

“कशाने?”

प्रश्न बिनतोड होता. त्यावर विचार करायला समिती नेमली गेली.

तेवढ्यात पाणी पडल्याचा आवाज आला. भाची स्टुलावर चढली होती आणि प्लास्टिकच्या मगाने टाकीतले पाणी उंचावरून टाकीतच ओतत होती. प्रत्येक धारेबरोबर हवेचे बुडबुडे खोल जात होते. मावशीनेही एक मग उचलला.

“परवानगी कोणाची?” संचालकांनी विचारले.

मुलीने त्यांच्या हातात मग दिला. त्यानंतर अजून एक मग उचलला आणि मान वळवून तुमच्याकडे बघितले. तुम्ही वाचत बसला होतात.