बंद कॉम्प्युटरच्या दारावर

नवी वस्तू घ्यायची ठरली की आमचे शेजारी लोटननाना दुकानात जात नसत. ती वस्तू ज्याच्याकडे बिघडून पडली आहे, त्याच्या घरी जात.

मिक्सर घ्यायचा होता तेव्हा जळगावातल्या आमच्या मेहरूण भागातल्या तीन घरांत जाऊन त्यांनी जळालेले मिक्सर पाहिले. नुसते पाहिले नाहीत, झाकण काढून वासही घेतला. पंखा, कुकर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची हीच तऱ्हा. आमच्याकडे कोणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. नाना बिघडलेल्या वस्तूंच्या दारावर जायचे आणि तोंडही तसंच करून जायचे. घरच्या बाईला वाटायचं, आपल्या कुकरचं एवढं दुःख आपल्यालाही झालं नव्हतं.

"चालू वस्तू काय सांगस, मास्तर?" ते मला म्हणत. "बंद पडेल वस्तू बठ्ठं सांगस." आमच्या खानदेशी बोलीत बठ्ठं म्हणजे सगळं.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे या रस्त्यावर त्यांचा जन्म गेला. कोणत्या गावात कोणाकडे काय नादुरुस्त आहे, हे त्यांना पाठ होतं. रिटायर झाले, त्याआधी दोन वर्षं बायको गेली. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली, दोघंच. पोरगी हुशार. बी.एस्सी. करून कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली आणि मेहरूणमध्ये एकदम नानांचा भाव वधारला.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. क्लासमध्ये एका मशीनवर तीन पोरी बसायच्या आणि वाट्याला आठवड्याला एक तास यायचा. त्यातही मध्येच लाईट जायची. बाकीचे दिवस वैशाली वहीत प्रोग्रॅम लिहायची आणि बोटाने एकेका ओळीवरून जात स्वतःच कॉम्प्युटर व्हायची. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तिने कीबोर्ड काढला होता. संध्याकाळी मी अंगणात बसलो की पलीकडून कागदावर बोटं आपटल्याचा आवाज यायचा. एवढ्या मेहनतीच्या पोरीला घरी मशीन हवं, हे मेहरूणच्या तळ्यातल्या बगळ्यालाही कळलं असतं. नानांना नाही कळलं असं नाही. त्यांनी फंडातली रक्कम बाजूला काढून ठेवली आणि मला बोलावलं.

मीच का, तर मी गणिताचा मास्तर, आणि एकदा तीन दिवसांचं कॉम्प्युटर शिबिर करून आलो होतो. त्या तीन दिवसांत मी मशीन चालू करायला शिकलो. बंद कसं करायचं ते चौथ्या दिवशी असणार, असं मी समजून चाललो. पण मेहरूणमध्ये तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो.

मी सांगितलं, सुट्या भागांचा जोडून घेऊ, स्वस्तात पडेल, शिकायला भरपूर झालं. नाना म्हणाले, "घेऊत. पहिले एक डाव देखी येऊत."

झालं. सुरू झाली आमची यात्रा. जळगावातल्या एका वकिलाच्या कॉम्प्युटरची वायर उंदराने खाल्ली होती. नानांनी वायर निरखली, उंदीर कुठून आला ते विचारलं. अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या ऑफिसात स्क्रीन हिरवी पडून अंधारली होती. तिथे मालकापेक्षा नानाच जास्त वेळ हळहळले. धुळ्याला एका मास्तरांकडे मशीन चालू निघालं, तर नाना नाराज होऊन चहा न घेताच उठले. दर वेळी परतताना एस.टी.त मी विचारायचो, "मग काय ठरलं?" नाना खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत म्हणायचे, "एक राहिनं शे." म्हणजे अजून एक बघायचं राहिलंय.

धरणगावची वारी मात्र मी जन्मात विसरणार नाही. तिथल्या एका कापूसवाल्या शेठकडचा मोठा कॉम्प्युटर बंद पडल्याचं नानांना कळलं. आम्ही भर दुपारी उतरलो. नानांच्या डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा नेहमीसारखा दुखवट्याचा, मी मागे खाली मान घालून. शेठच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि चार माणसं गप्प बसली होती. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. बसायला जागा केली, पाणी दिलं. शेजारच्याने हळूच सांगितलं, म्हातारी खूप जगली, झोपेतच गेली. तेव्हा मला कळलं की शेठची आई जाऊन आठच दिवस झाले होते, आणि ही माणसं खरोखरच दारावर आली होती.

माझे कान तापले. उठून जाणंही शोभेना. नाना मात्र शांत बसले. अर्धा तास बसले. मंडळी उठून गेली तेव्हा शेठने विचारलं, आपण कुठले, आईला कसं ओळखत होता. नानांनी सरळ सांगून टाकलं की आम्ही तुमचा कॉम्प्युटर बघायला आलो होतो, चूक झाली, हात जोडतो. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार. पण शेठ आठ दिवसांत पहिल्यांदाच असावा, इतका मोकळा हसला. मग तासभर तो कॉम्प्युटरबद्दलच बोलला. मशीन उघडून आत बसलेला कापसाचा पुंजका दाखवला. सगळ्यात महागाचा घेतला होता, पण त्याच्यासमोर बसायला ऑफिसात कोणीच तयार नव्हतं, म्हणाला. निघताना तो नानांना म्हणाला, "तुमच्याकडे बसणारी पोर आहे ना? मग कोणताही घ्या."

मी म्हटलं, सुटलो. आता ठरलं. एस.टी.त बसल्यावर नाना म्हणाले, "एक राहिनं शे."

असं करत वर्ष गेलं. खोटं कशाला बोलू, मला नानांचा राग यायला लागला होता. हा माणूस पैसा सोडत नाही, असंही मनात येऊन गेलं. वैशालीचा कॅलेंडरवरचा कीबोर्ड बोटं लागून पुसट झाला, तिने दुसऱ्या कॅलेंडरवर नवा काढला.

मग पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिथे जाऊन परीक्षा द्यायची होती, आणि ती कागदावर नव्हे. मशीनसमोर बसून प्रोग्रॅम लिहायचा, तो चालवून दाखवायचा. हातात दीड महिना. वैशाली पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच रडली. म्हणाली, "काका, मला येतं सगळं. पण मी कधी सलग दोन तास मशीनवर बसलेच नाही."

मी तसाच उठलो आणि नानांना वाट्टेल ते बोललो. पोरीच्या जन्माचं नुकसान करताय, म्हणालो. बिघडलेली सगळी यंत्रं बघून झाली, आता पोरगी बिघडायची वाट बघताय का, असंही म्हणालो. नको ते बोलून गेलो. नाना एवढंच म्हणाले, "सकायनी गाडीनी निंघूत. धुळाले."

धुळ्याच्या दुकानदाराने दोन संच मांडले. एक नामांकित कंपनीचा, रंगीत, मोठ्या स्क्रीनचा. दुसरा जोडून तयार केलेला, काळ्या-पांढऱ्या लहान स्क्रीनचा. शिकायला दोन्ही सारखेच, असं वैशालीनेच सांगितलं. नानांनी कोणताही प्रश्न विचारला नाही. त्यांनी दोन्ही स्क्रीन खोक्यांत भरायला लावल्या आणि वैशालीला म्हणाले, "उचल, बेटा. दारपावत लई जाय."

मोठं खोकं तिला जमिनीवरून हलेना. लहान तिने उचललं, दारापर्यंत नेलं, परत आणलं. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली. मी म्हटलं, "नाना, तिला कशाला राबवता? रिक्षा आहे, मी आहे, तुम्ही आहात. आपण उचलू की."

"अठे आपुन शेत," नाना म्हणाले. "पुन्याले खोली बदलाले लागी, जिना चढाले लागी. तठे तिना कोन शे?"

वैशाली म्हणाली, "नाना, मी कुठं जाई ऱ्हायनू आत्तेच? परीक्षा तर होऊ द्या."

"जाशी," नाना म्हणाले. "वरीसभर मीच तुले रोकी ठेवं. मशीन लिधं की तू शिकशी, शिकनी की जाशी, हाई माले पहिल्याच दिनले समजनं व्हतं." एवढं बोलून ते दुकानाबाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आदल्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते सगळं मला आठवलं. वैशालीने बापाकडे पाहिलं. मग तिने ते लहान खोकं पुन्हा उचललं, पुन्हा दारापर्यंत नेलं, नानांच्या समोरून परत आणलं आणि खाली ठेवलं.

"हलकं शे, नाना," ती म्हणाली.

रिक्षात ठेवताना ते खोकं मी उचललं. चांगलंच जड होतं.