मेश्रामांचं खोकं

आमचे मेश्राम कुठल्याही वस्तूचं वजन ती नुसती हातात घेऊन सांगत. माझी मुलगी बहरीनला जन्मली तेव्हा कुणी म्हणालं नाक आईचं आहे, कुणी म्हणालं कपाळ बापाचं आहे. मेश्रामांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, अलगद वर-खाली केलं आणि म्हणाले, "तीन किलो शंभर. हँडबॅगमधी जाईन." इस्पितळाच्या कागदावर तीन किलो एकशेवीस होते. माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

ही विद्या खोक्यांतून आलेली होती. आम्ही दोघं एकाच कंपनीत, मोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या चिलरवर कामाला होतो. मी सातारचा, ते नागपूरचे. बहरीनच्या हूरा भागातल्या त्यांच्या खोलीत एका भिंतीला बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली एक पुठ्ठ्याचं खोकं असे. ते कायम अर्धं भरलेलं. गल्फमधला कुठलाही माणूस सुट्टीवर जाताना खोकं भरतो, मीही भरायचो. पण आम्ही भरायचो ते हमाल भरतात तसं. मेश्राम भरत ते सुतारासारखं. थर्मासच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात अत्तराच्या बाटल्या, आणि साबण चहापासून हातभर लांब, कारण "चायले वास लागला का बाई तोंडावर मारते." वरून निळी नायलॉनची दोरी आणि तिला त्यांची ती खास गाठ. ती गाठ विमानतळावरच्या एकाही हमालाला कधी सुटली नाही. चारही बाजूंना मार्करनं नाव. मग खोकं उचलून ते स्वतः वजनकाट्यावर चढत. आपलं वजन वजा केलं की खोकं विमानाच्या तीस किलोला पाव किलो कमी.

"खाली हातानं कोनी घरी जाते काय बाप्पा?" हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं.

गंमत अशी, की मेश्राम स्वतः घरी जातच नसत. बायको वारल्याला पाच वर्षं झाली होती. मुलगी सुजाता नागपुरात आत्याकडे वाढत होती. दर वर्षी कुणीतरी विदर्भातला माणूस सुट्टीवर निघाला की मेश्राम त्याच्यासोबत खोकं पाठवत आणि आपली सुट्टी पुढे ढकलत. त्या वर्षी मार्चमध्ये सुजाताचं पत्र आलं. त्यांनी मला वाचायला दिलं. "बाबा, बारावी झाली. जूनमध्ये मी पुण्याला नर्सिंगला जाणार, होस्टेलवर. त्याच्या आधी एकदा या. खोकं पाठवू नका."

"पाहा भाऊ, पोरगी म्हनते खोकं नको," ते हसत म्हणाले. हसू काही नीट जमलं नाही.

मेश्रामांची मे महिन्याची सुट्टी मंजूर होती. नेमकं तेव्हाच कंपनीच्या मालकांचं त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन शहरात हॉटेल उभं राहत होतं आणि तिथले चिलर बसवायला दोन माणसं हवी होती. एक मी. दुसरा म्हणून मेश्रामांनी हात वर केला. मी चिडलो. म्हटलं, "अहो, पोरगी वाट बघतीय आणि तुम्ही उलट्या दिशेला निघालात?" ते म्हणाले, "काम हाय न." आणि खोकं भरायला बसले.

"तिथं तुमचं कोण आहे?"

"कोनी नाई. पन खाली हातानं कोनी जाते काय?"

पोर्ट ऑफ स्पेनच्या कस्टमवाल्यानं विचारलं, हे कुणासाठी? मेश्राम म्हणाले, "ज्याले लागन त्याले." मी त्याचं इंग्रजी करताना 'गिफ्ट' एवढंच म्हटलं.

तिथला कोरडा ऋतू संपत आला होता. डोंगर करपलेले, उतारांवर वणवे, हवेत धूर, नळाला एक दिवसाआड पाणी. जो तो काम करता करता आभाळाकडे बघून घ्यायचा. मेश्राम मात्र खुशीत. "हे तं नागपूरचा मे महिनाच हाय, फक्त समुद्र लावून देल्ला." आम्ही सेंट जेम्स भागात मिस डॉली नावाच्या बाईंकडे उतरलो होतो. बाई सत्तरीच्या, पणजोबा भारतातून उसाच्या मळ्यावर आलेले. बोलायच्या इंग्रजीच, पण हेल असा की गाणं म्हणतायत असं वाटावं. मधेच 'चोखा', 'भाजी', 'नानी' असे शब्द यायचे आणि मेश्राम उजळायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना 'माय' केलं.

दारात पुईचं झाड होतं. पान एक नाही, नुसतं पिवळं धमक. मिस डॉली म्हणाल्या, हे तीनदा फुलतं, तिसऱ्यांदा फुललं की पाऊस. हा दुसरा बहर. त्यांचा मुलगा टोरांटोला होता, आणि पावसाच्या आधी येतो असं दर वर्षी कळवायचा.

बुद्धपौर्णिमा तिथेच आली. दोरी कस्टममध्येच कापली गेली होती; मेश्रामांनी खोकं उघडलं, दूध पावडर काढली आणि बाईंच्या स्वयंपाकघरात खिरीचा घाट घातला. मोठं पातेलं मागच्या खोलीत होतं, ते आणायला आम्ही गेलो. तिथे कमरेइतकी उंच चार निळी पिंपं उभी होती. तीन उघडलेली. चौथं नाताळात आलेलं, अजून सीलबंद. त्या बेटावर परदेशी गेलेली मुलं घरी खोकं नाही, पिंप पाठवतात.

मेश्राम अगदी आपलाच अपमान झाल्यासारखे बघत राहिले. "माय, हे काहून नाई उघडलं?"

मी मधे दुभाष्या होतो; मिस डॉली जे म्हणाल्या ते मला अजून पाठ आहे. "काय उघडायचं? त्यात साबण आहे. मला मेल्यावर आंघोळ घालून पुन्हा उरेल इतका साबण माझ्याकडे आहे. एवढं कशाला आणलंस म्हणून ओरडायला समोर कोणी नको का?"

खीर झाली. बाईंनी दोनदा घेतली. मेश्राम नुसता चमचा फिरवत राहिले. मग पुईच्या झाडाखाली येऊन बसले आणि आपणहून बोलायला लागले.

"शांता गेली तेव्हा माहं खोकं भरून तयार होतं, भाऊ. तिच्यासाठी स्वेटर, तिच्यासाठी क्रीम. तार आली, तसंच उचललं न गेलो. तिसऱ्या दिवशी पोचलो. सगळे लोक बसून, न मी दारात खोकं घेऊन उभा. कोनाले देऊ? सुजी तेरा वर्षांची. तिनं म्हटलं, बाबा, ठेवा न खाली. मले ठेवताच येईना." पुढे म्हणाले, "तवापासून त्या दाराची भीती वाट्टे."

इतकी वर्षं मी या माणसाला चिकट, कामाचा किडा, हिशेबी असं काय काय म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेलिफोन ऑफिसातून नागपूर लावलं. फोनवर एवढंच, "सुजी, मी येऊन राह्यलो." निघायच्या दिवशी मिस डॉलींनी ते चौथं पिंप मेश्रामांकडून उघडून घेतलं. मेश्राम एकेक वस्तू काढत होते आणि बाई प्रत्येकीवरून त्यांना मनसोक्त झापत होत्या. मेश्राम मान खाली घालून "हाव माय, चुकलं माय" म्हणत होते. पुई तिसऱ्यांदा फुललेली आम्ही काही पाहिली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेश्राम नागपूरला निघाले ते खांद्याला एक पिशवी अडकवून. हूरामध्ये ही मोठीच बातमी झाली. नोकरी गेली काय, असं दोघांनी मला विचारलं. विमानतळावर त्यांनी सवयीनं पिशवी हातात तोलली, "साडेतीन," म्हणाले, आणि मग रिकाम्या हातांकडे बघत बसले. "हातांचं काय कराव समजून नाई राह्यलं, भाऊ."

महिन्यानं परतले ते खोकं घेऊन. निळ्या दोरीनं बांधलेलं, चारही बाजूंना मार्करनं 'मेश्राम, बहरीन'. मला मुद्दाम घरून बोलावून घेतलं. वजन किती, विचारलं तर म्हणाले, "केलंच नाई." आत कुरड्या होत्या, संत्र्याची बर्फी होती, आणि एक स्वेटर. बहरीनमध्ये स्वेटर! "एवढं कायले देल्लं म्हनून लय ओरडलो तिच्यावर," ते कौतुकानं म्हणाले.

पण हे सगळं नंतर. आधी अर्धा तास ते दोरीशीच झटत होते. मी कात्री पुढे केली तर हात झटकला. गाठ त्यांचीच होती, ती खास, हमालांना न सुटणारी. आयुष्यात पहिल्यांदा ती सोडायची पाळी त्यांच्यावर आली होती.

मी म्हटलं, "शिकवलीत वाटतं लेकीला?"

मेश्रामांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, बोटं दोरीतच होती.

"म्या नाई शिकवली. पाच वर्षं सोडून सोडून शिकली ते."