माहेरची भेट, सासरचा भत्ता

“तिच्या वडिलांनी पैसे दिले ते मायेनं, की आपला भत्ता बंद पाडायला, हे एकदा बघायला हवं,” सासरे सासूबाईंना म्हणत होते. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून आलेली मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी. (लग्न नवं, दार ढकलायची अजून भीड वाटते.)

घराचं उत्पन्न कमी म्हणून सासऱ्यांना सरकारकडून भाड्यासाठी भत्ता मिळतो. तो गेला तर हे घर सोडावं लागेल. आणि बाबांनी मला वॉशिंग मशीनसाठी पैसे पाठवलेले. मशीन आलंसुद्धा.

“घरात येतं ते उत्पन्न,” सासरे म्हणाले.

“मग तुमची बहीण येते ती?”

“ती खर्चात.”

त्या दिवसापासून मशीनवर टेबलक्लॉथ आणि वर फुलदाणी. मीटर बघायला माणूस आला, तर सासऱ्यांनी त्याला न विचारताच सांगितलं, “ते टेबल आहे.” नवऱ्यानं पुस्ती जोडली, “जुनं.” (याला घरात सगळ्यांत धोरणी समजतात.) माणूस गेल्यावर सासरे म्हणाले, “फार बघत होता.” तो मीटरच बघत होता.

मग एकदा खालच्या काकू आल्या, ज्यांचा भाचा नेमका भत्त्याच्या ऑफिसात. सासूबाईंनी मशीन लावलेलं, आणि गप्पांत त्या विसरल्या. कपडे पिळायची वेळ आली तसं टेबल थरथरलं आणि फुलदाणीसकट काकूंच्या रोखानं निघालं.

“तुमचं टेबल येतंय,” काकू पाय आवरून घेत म्हणाल्या.

“फरशी उतरती आहे,” सासरे.

“असेल. साबणाचा वास छान आहे हो टेबलाला.”

काकू गेल्या. त्यांनी भाच्याला सांगायच्या आत ऑफिसात जाऊन आडून आडून विचारून यायचं ठरलं. पण जाणार कोण? सासरे भांडतील, सासूबाई सगळं ओकतील, नवरा टेबलापासून सुरुवात करील.

“हिलाच पाठवा,” सासूबाई म्हणाल्या. “ही कुठे काही बोलते?”

ऑफिसच्या खिडकीतल्या बाई फारच गोड निघाल्या. घरात कोण कोण, लग्न कधी झालं, तुम्ही काय करता? सासरी आल्यापासून इतक्या आस्थेनं माझी चौकशी कुणी केली नव्हती. मी बोलत सुटले.

परतले तेव्हा तिघं ओळीनं बसले होते.

“काय म्हणाले?”

“बाबांची भेट उत्पन्नात धरत नाहीत.”

सासऱ्यांनी स्वतः उठून टेबलक्लॉथ ओढून काढला. सासूबाईंनी मशीनवरून मायेनं हात फिरवला. पण सासऱ्यांना संशयाशिवाय चैन कुठली.

“एवढंच? मग तुझा चेहरा का असा?”

“चष्म्याच्या दुकानातला माझा पगार मात्र धरतात,” मी म्हणाले. “तो आपण कुणी कळवलाच नव्हता. आज मी कळवून आले. भत्ता निम्मा होईल, पण घर सोडायला नको. उरलेलं भाडं माझ्या पगारातून देईन, असंही त्यांना मीच सांगून आलेय.”